विरजण लागलं नाही! दुधातल्या औषधाचा हिशेब ठेवतं कोण?

पाटपाणी

मंडळी, प्रश्न दह्याचा आहे, तरी पाककृती विभागात टाकलेला नाही. पुढे वाचा म्हणजे कळेल.

गोठ्यात ११ एचएफ (होल्स्टिन) गाया, ८ दुधात. गेल्या महिन्यात तिसऱ्या वेताच्या गाईला दगडी (कासेचा दाह) झाली. मागचं डावं सड टणक, हात लावू देईना, धारेत गुठळ्या. डॉक्टरांनी सडात ट्यूब सोडली, तीन दिवस इंजेक्शनं केली आणि दूध घालू नका म्हणून सांगून गेले. आम्ही त्या सडाचं दूध वेगळं काढलं. बाकी तीन सडांचं दूध दिसायला स्वच्छ, म्हणून ते डेअरीला न घालता घरात ठेवलं. आईने रात्री विरजण लावलं. सकाळी झाकण काढलं तर दूध जसंच्या तसं. शेजारून दुसरं विरजण आणलं, तरी तेच. वर चिकट तार आणि उग्र वास. आई एवढंच म्हणाली, "दुधात काहीतरी आहे."

आईने घरी पकडलं ते डेअरीत कोण पकडतं? आमच्या संकलन केंद्रावर फॅट, एसएनएफ (फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ), पाणी बघतात, कधी युरिया-साखर. अँटिबायोटिकची पट्टी बुडवताना मी सहा वर्षांत एकदाच पाहिली, तीही वरून टँकर परत आला त्या आठवड्यात.

हल्ली पेपरात सारखं येतं की शेतीतल्या अँटिबायोटिकमुळे माणसांची औषधं चालेनाशी झालीत. मग हे मोजतं कोण? की नुसतंच शेतकऱ्याच्या नावाने खडे फोडायचे?

कवडी_दही

आई गं. आम्ही शहरातले लोक दही लागलं नाही की विरजणाला किंवा थंडीला दोष देतो. पण दूध उकळून घेतो ना आपण? मग औषध उडून जात नाही का?

सूक्ष्मजंतूताई

कवडी, नाही. उकळल्याने जंतू मरतात. औषधाचा अंश मात्र बराचसा तसाच राहतो, बहुतेक अँटिबायोटिकं घरच्या उकळीला दाद देत नाहीत.

पाटपाणीदादा, तुमच्या आईंनी केली ती जगातली सगळ्यात जुनी चाचणी. विरजणातले जंतू पेनिसिलिनच्या घराण्यातल्या औषधांना फार हळवे असतात आणि सडात सोडायच्या ट्यूबा बहुधा त्याच घराण्यातल्या. डेअऱ्यांत वापरायची एक जुनी तपासणी नेमकी अशीच चालते: दुधात मुद्दाम जंतू सोडायचे आणि ते वाढतात का ते रंग बदलण्यावरून बघायचं.

पण तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत, ते आधी सोडवू. दुधात औषध *उरलंय* का, हा एक. गोठ्यातले जंतू औषधाला *निर्ढावलेत* का, हा दुसरा. पट्टी पहिल्याचं उत्तर देते. दुसऱ्याबद्दल ती अवाक्षर बोलत नाही. दूध शंभर टक्के पास होऊनही गाईच्या आतड्यातले जंतू पक्के निर्ढावलेले असू शकतात. आपल्याकडे पहिल्याची थोडीफार मोजणी होते, दुसऱ्याची नगण्य. पेपरवाले दोन्हीची खिचडी करतात.

पहिल्याचा आकडा देते. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने (एफएसएसएआय) २०१८ मध्ये देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने तपासले. ७७ नमुन्यांत, म्हणजे १.२ टक्क्यांत, अँटिबायोटिक मर्यादेपेक्षा जास्त निघालं. वाचून लोकांनी हुश्श केलं. मी केलं नाही, कारण दुसऱ्या प्रश्नाबद्दल हा आकडा काहीच सांगत नाही.

निवृत्त_पशुवैद्य

आधी गोठ्यातलं बोलू, मग देशाचं.

पाटपाणी, चूक तुमची एकट्याची नाही, सांगणाऱ्याने अर्धवट सांगितलं. इंजेक्शन दिलं की औषध रक्तातून चारही सडांत उतरतं. नुसती ट्यूब सोडली तरी थोडंफार रक्तात जाऊन बाकीच्या सडांत येतं. म्हणून दूध टाकायचं तर चारही सडांचं, आणि किती दिवस ते लेबलवर असतं. लेबलवर नसेल तर २०१२ पासून नियमच आहे: दूध आणि अंड्यांसाठी किमान ७ दिवस, मांसासाठी २८. माशांसाठी तर ५०० डिग्री-दिवस. म्हणजे पाणी २५ अंशांवर असेल तर २० दिवस. मला हा हिशेब फार आवडतो, मासा थंड पाण्यात सावकाश औषध बाहेर टाकतो हे त्यात धरलंय.

आता खरं सांगा. ते खराब सडाचं दूध कुठे ओतलंत?

पाटपाणी

डॉक्टर, खोटं कशाला बोलू. पहिल्या दिवशी उकिरड्यावर. नंतर वाटलं वाया कशाला घालवायचं, कालवडीला पाजलं.

निवृत्त_पशुवैद्य

वाटलंच होतं. दहांतले आठ गोठे हेच करतात, मीही नोकरीच्या सुरुवातीला "पाजा, काही होत नाही" म्हणालोय.

होतं असं. कालवडीला रोज थोडं थोडं औषध मिळतं, जंतू मारायला अपुरं आणि त्यांना शिकवायला पुरेसं. तिच्या आतड्यात जे औषध सोसतात तेच टिकतात आणि शेणातून बाहेर पडतात. ते शेण उकिरड्यात, उकिरडा शेतात, शेतात कोथिंबीर.

कवडी_दही

कोथिंबीर तर आम्ही कच्चीच खातो 😐

शंकासुर

थांबा थांबा. गावात शिंक आली की अझिथ्रोमायसिनची पट्टी चिठ्ठीशिवाय मिळते. सरकारी दवाखान्यात वेगळं, खाजगीत वेगळं, मेडिकलवाला तर स्वतःच डॉक्टर. हे सगळं सोडून गाईच्या सडात काय शोधताय? शेतकरी सापडतो म्हणून?

सूक्ष्मजंतूताई

शंकासुर, मुद्दा मान्य आहे. माणसांत होणारा गैरवापर मोठा आहे आणि त्याला गाय जबाबदार नाही. पण तिथे निदान पाटी-पेन्सिल आहे. आयसीएमआरचं (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) रुग्णालयांचं जाळं २०१३ पासून मोजतंय. जनावरं आणि माशांसाठी 'इन्फार' नावाचं जाळं आहे, भारतीय कृषी संशोधन परिषद आणि एफएओ (संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना) यांनी उभं केलेलं. गाई, म्हशी, शेळ्या, कोंबड्या, डुकरं आणि तळ्यातले मासे यांच्यातले जंतू देशभरातल्या प्रयोगशाळा एकाच पद्धतीने तपासतात. काम चांगलं आहे, पण देशातली जनावरं बघता ते जाळं फारच विरळ.

आणि औषध किती *वापरलं* हे? २०१५ मध्ये एक जागतिक अंदाज आला होता: २०१० साली जगभरच्या पशुपालनात सुमारे ६३ हजार टन अँटिबायोटिक, त्यात भारताचा वाटा ३ टक्के. अंदाज म्हणतेय, कारण तो जनावरांच्या संख्येवरून बांधलेला आहे. आपल्या एकाही तालुक्याला स्वतःचा आकडा सांगता येणार नाही.

वाचनमात्र

वाचनखूण साठवली. वाचतोय.

तेल्याग्रस्त

सांगोल्याकडचा डाळिंबवाला आहे. गाई-कोंबड्यांचं चाललंय म्हणून गप्प बसलो होतो, पण झाडांवर पण अँटिबायोटिक मारतात हे इथल्या किती लोकांना माहीत आहे?

तेल्या म्हणजे जिवाणूचा रोग. पानावर आधी पाण्यात भिजल्यासारखा ठिपका, मग फळावर काळा तेलकट डाग, मग फळ इंग्रजी एल, वाय अक्षरांसारखं चिरतं. पावसाळी हवेत आठवड्यात बाग जाते. यावर सगळ्यांचं एकच औषध ठरलेलं: स्ट्रेप्टोसायक्लिन, ६ ग्रॅमची पुडी, कॉपरबरोबर. त्यात ९० टक्के स्ट्रेप्टोमायसिन, १० टक्के टेट्रासायक्लिन. स्ट्रेप्टोमायसिन म्हणजे टीबीच्या माणसांना सुई द्यायचे तेच. मी २००९ ते २०२० बहारामागे सात-आठ फवारण्या घेतल्या. दर वर्षी मात्रा थोडी वाढवत गेलो, कारण दर वर्षी थोडं कमी चालायचं. आता ताईंचं वाचून कळतंय की कमी का चालायचं.

डिसेंबर २०२१ ला केंद्राचा हुकूम निघाला. फेब्रुवारी २०२२ पासून बनवायचं नाही, १ जानेवारी २०२४ पासून वापरायचंच नाही. चांगलं झालं म्हणा, पण बंदी कागदावर आली आणि पर्याय सांगायला बांधावर कुणी आलं नाही. मी आता पावसाळ्यातला मृग बहार सोडून हस्त धरतो, पानगळीनंतर बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण), कात्री प्रत्येक झाडाला निर्जंतुक करून. मेहनत दुप्पट, पण बाग आहे. शेजारच्या बागांत कुणी काय मारतं ते मला विचारू नका.

शेड_नं_२

डाळिंबवाले भाऊ, तुम्हाला निदान पुडीवर नाव तरी दिसायचं. मी करारावर ५,००० ब्रॉयलर सांभाळतो. पिल्लू कंपनीचं, खाद्य कंपनीचं, औषध कंपनीचं. शेड, वीज, तूस आणि रात्रीची झोप माझी. सुपरवायझर येतो, पाण्याच्या टाकीत एक बाटली ओततो, कार्डावर 'मेडिसिन' एवढंच लिहितो. कुठलं, किती, का, काही नाही. विचारलं तर "तुमचं रेअरिंग चार्ज (पक्षी सांभाळायचे पैसे) वाढेल, गप बसा."

कोलिस्टिन म्हणून एक असतं ते बंद झालं म्हणे?

सूक्ष्मजंतूताई

हो, १९ जुलै २०१९ च्या अधिसूचनेने. अन्नासाठी पाळलेली जनावरं, कोंबड्या, मत्स्यपालन, खाद्यातलं मिश्रण, सगळीकडे बंद. कारण ऐकण्यासारखं आहे. अतिदक्षता विभागात दुसरं काहीच चालेना की डॉक्टर कोलिस्टिन काढतात. मूत्रपिंडाला त्रास देणारं जुनं औषध, पण शेवटचं. आणि तेच औषध कोंबड्यांना वजन वाढावं म्हणून खाद्यातून दिलं जात होतं! २०१५ मध्ये चीनमध्ये डुकरांच्या ई. कोलाय जंतूंत एक जनुक सापडलं, एमसीआर-१. कोलिस्टिनला निर्ढावण्याची विद्या त्यात होती, आणि ते उचलून शेजारच्या जंतूला देता येत होतं. संक्रांतीचं वाण लुटावं तसं. जात, कुळ, काही बघत नाहीत, ज्याला हवं त्याला घे. ते सापडलं ते जनावरांमधल्या नेहमीच्या पाहणीत. पाहणीच नसती तर रुग्णालयात माणसं दगावू लागल्यावर कळलं असतं.

शंकासुर

बंदी घातली, आता मिटलं म्हणायचं.

निवृत्त_पशुवैद्य

शंकासुर, गिधाडं आठवा. डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक दिलेली जनावरं मेल्यावर ती खाऊन गिधाडं मरत होती, म्हणून जनावरांचं डायक्लोफेनॅक २००६ ला बंद झालं. मग लोकांनी काय केलं? माणसांच्या डायक्लोफेनॅकची मोठी कुपी आणून बैलाला टोचायला लागले. २०१५ ला माणसांची कुपी ३ मिलीची केली तेव्हा कुठे ती वाट अरुंद झाली. हे कळलं कसं? संशोधक वर्षानुवर्षं मेलेल्या जनावरांच्या यकृताचे तुकडे तपासत राहिले. बंदीनंतर अंश किती कमी झाला आणि कुठे अडला, हे त्या तुकड्यांनी सांगितलं. कोलिस्टिनच्या बाबतीत असे तुकडे कोण तपासतंय, हा माझा प्रश्न आहे.

आरहूसकर

डेन्मार्कमधून लिहितोय, अन्नप्रक्रिया उद्योगात आहे. इथला प्रकार सांगतो, कारण 'मोजून काय होतं' याचं उत्तर इथे आहे.

१९९५ मध्ये यांनी डॅनमॅप सुरू केलं: जनावरं, मांस आणि माणसं, तिन्हीकडच्या जंतूंची एकत्र नोंद, दर वर्षी अहवाल. त्याच वर्षी अॅव्होपार्सिन बंद केलं, हे कोंबड्या-डुकरांना वाढीसाठी द्यायचे, माणसांच्या व्हँकोमायसिन या अँटिबायोटिकचं सख्खं भावंड. बंदीनंतर कोंबड्यांतल्या एका जंतूचा निर्ढावलेपणा सुमारे ७३ टक्क्यांवरून २००० सालापर्यंत ६ टक्क्यांच्या आसपास आला. डुकरांत मात्र काहीच हलेना. औषध बंद, तरी जंतू ढिम्म. शोध घेतल्यावर कळलं की डुकरांना टायलोसिन नावाचं दुसरंच औषध चालू होतं आणि दोन्ही औषधांना पुरून उरणारी जनुकं त्या जंतूत एकाच गाठोड्यात बांधलेली होती. टायलोसिन बंद केल्यावर आकडा उतरला. नुसती बंदी घालून घरी गेले असते तर हे कधीच उमगलं नसतं.

दुसरं, आणि मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे: याच सुमारास पशुवैद्यांना औषध विकून मिळणारा नफा कायद्याने जवळपास संपवला. सल्ल्याचे पैसे घ्या, बाटलीचे नाही. २००० पासून प्रत्येक चिठ्ठी व्हेटस्टॅट नावाच्या नोंदवहीत जाते: कुठला गोठा, कुठलं जनावर, किती औषध. २०१० पासून डुकरांच्या गोठ्याने मर्यादा ओलांडली की फुटबॉलसारखं पिवळं कार्ड.

आणि तरीही, हे सगळं असूनही, डुकरांकडून माणसांना लागणारा एमआरएसए (मेथिसिलिनला निर्ढावलेला स्टॅफिलोकॉकस जंतू) इथल्या बहुतेक कळपांत पसरला. त्यांनी तो आकडाही छापला. लपवला नाही, एवढंच.

निवृत्त_पशुवैद्य

आरहूसकर, नफ्याचं बोललात ते वर्मावर बोट आहे. आमच्याकडे डॉक्टर नुसता बघून "दोन दिवस वाट पाहू" म्हणाला तर मालक ५० रुपये द्यायला कुरकुरतो. सुई टोचली की ४०० काढून देतो. माझी अर्धी प्रॅक्टिस या एका वाक्यावर चालली, हे आज पेन्शन सुरू झाल्यावर कबूल करतो.

तेल्याग्रस्त

डॉक्टर 🙏

एक शंका. २०१० ला द्राक्षाचे कंटेनर युरोपात अडकले होते ना, सीसीसी या वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशावरून? नाशिक-सांगलीची निर्यातीची बाग प्लॉटनिशी नोंदलेली असते, फवारणीची वही असते, नमुना घेतात, मग माल जातो. द्राक्षाला जमतं ते दुधाला का नाही?

आरहूसकर

कारण द्राक्ष इकडे येतं, दूध तुम्हीच पिता. कडू आहे पण खरं आहे. कोळंबी आणि मधाचंही तसंच, त्यांची तपासणी निर्यातीमुळे कडक झाली. आणि सप्टेंबर २०२६ पासून युरोपात येणाऱ्या प्राणिजन्य मालाला आणखी एक अट लागते: वाढीसाठी अँटिबायोटिक दिलेलं नाही आणि माणसांसाठी राखून ठेवलेली औषधं वापरलेली नाहीत.

कवडी_दही

ताई, निर्ढावलेपण मोजतात म्हणजे नक्की काय करतात? सोप्या भाषेत सांगाल?

सूक्ष्मजंतूताई

माझं आवडतं काम, त्यामुळे लांबेल.

तळहाताएवढी काचेची बशी घ्या. तिच्यात फिकट पिवळं, खरवसासारखं थरथरणारं अन्न गोठवलेलं. जंतूंचं पाणी ठरावीक गढूळपणाचं करायचं; त्यासाठी एक नमुन्याची नळी असते, तिच्या शेजारी धरून डोळ्याने जुळवायचं. कापसाच्या बोळ्याने ते बशीभर सारवायचं, तीन दिशांनी, अंगण सारवताना कोपरा सोडत नाही तसं. वर ६ मिलिमीटरच्या कागदी चकत्या ठेवायच्या, प्रत्येकीत एक औषध. ३५ अंशांच्या पेटीत रात्रभर.

सकाळी बशी उजेडात धरली की सगळीकडे जंतूंची साय आणि काही चकत्यांभोवती स्वच्छ गोल. गोल म्हणजे तिथपर्यंत औषधाचं राज्य. मोजपट्टीने मिलिमीटर मोजायचे आणि तक्त्याशी ताडायचे. गोलच नसेल तर ६ लिहायचं, म्हणजे नुसती चकतीची रुंदी. त्या ६ कडे बघून अजूनही पोटात कसंतरी होतं. गंमत अशी की कोलिस्टिनला ही पद्धत चालत नाही. त्याचा रेणू मोठा, बशीत नीट पसरतच नाही, गोल फसवा येतो. त्याच्यासाठी द्रवात वाढवून बघावं लागतं, ते खर्चाचं आणि सगळीकडे होत नाही.

आणि एक. निगराणीसाठी नमुने आजारी जनावराचे घेऊन भागत नाही. *निरोगी* जनावराच्या शेणातला ई. कोलाय घ्यायचा. तो प्रत्येकाच्या पोटात असतो, त्यामुळे गाव गावाशी, वर्ष वर्षाशी ताडून बघता येतं. आजारी जनावरांचेच नमुने घेतले तर आधीच चार औषधं खाल्लेलेच हाती लागतात.

शेड_नं_२

ताई, हे वाचून परवा सुपरवायझरला म्हणालो, बाटलीचं नाव कार्डावर लिहा. म्हणाला कशाला. म्हटलं, धागा चालू आहे. 😄 लिहिलं नाही, पण मी बाटलीचा फोटो काढून ठेवला. प्रत्येक बॅचचा ठेवणार.

शंकासुर

हे बरोबर केलंत. गाईच्या कानात तो १२ आकडी पिवळा बिल्ला असतोच की. लसीकरण, रेतन त्यावर नोंदवतात. त्याच नंबरावर अँटिबायोटिक नोंदवायला काय हरकत? (हो, मीच म्हणतोय हे.)

निवृत्त_पशुवैद्य

हरकत एवढीच की निम्मी औषधं डॉक्टरकडून येतच नाहीत. मालक मेडिकलमधून आणतो आणि स्वतःच टोचतो. ते कोण नोंदवणार? आधी तिथे चिठ्ठी सक्तीची झाली पाहिजे. बाकी कल्पना उत्तम. आणि दगडीचं निम्मं औषध धार काढण्याआधी-नंतर सड धुण्यात आणि गोठा कोरडा ठेवण्यात आहे. एनडीडीबी (राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ) कोरफड, हळद, चुन्याचा लेप सांगते, सुरुवातीच्या दगडीत मी वापरलाय, बऱ्याच गाई सुधारल्या. ताप असेल, गाय खात नसेल, तर मात्र लेपावर बसू नका.

पाटपाणी

आठ दिवसांनी येतोय, माफ करा, ऊस लागण चालू होती.

त्याच गाईचं दुखणं उलटलं. या वेळी ट्यूब सोडायच्या *आधी* सड स्पिरिटने पुसून, पहिल्या धारा सोडून, उकळलेल्या बाटलीत दूध घेतलं आणि बर्फात ठेवून मोटरसायकलवरून लॅबला नेलं. चौथ्या दिवशी रिपोर्ट. स्टॅफिलोकॉकस. एन्रोफ्लॉक्सॅसिनपुढे ६ लिहिलेलं. ताई, तुमचं ६! वर्षभरात याच गाईला दोन वेळा मी मेडिकलवाल्याच्या सांगण्यावरून तेच टोचलं होतं. जुनं टेट्रासायक्लिन मात्र २२, म्हणजे चालतंय. आमच्या डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा वाचला, फोटो काढून घेतला.

वही केलीय. तारीख, बिल्ला नंबर, औषध, किती, कुणी सांगितलं, दूध कधीपर्यंत बंद. आई त्यात विरजणाचा रकाना घाल म्हणते, घातला.

निवृत्त_पशुवैद्य

शाब्बास. फक्त बशीत चाललं म्हणजे कासेत चालेलच असं नाही. हा जंतू कासेच्या आत दबा धरून बसतो. तीनदा उलटली तर गाय काढायचा विचार करा.

कवडी_दही

आणि ती कालवड? जिला दूध पाजलं होतं?

पाटपाणी

खणखणीत आहे, गव्हाणीला ढुशा देते. लॅबमध्ये होतो तेव्हा म्हटलं तिचंही शेण तपासता का, ताईंनी सांगितलेलं तसं. काउंटरवरच्या पोराने विचारलं, "आजारी आहे का?" म्हटलं, नाही. "मग कशाला?" म्हणाला, आणि पुढच्या माणसाची बाटली घेतली.